हुंकाऱ्यासाठी थांबलेला मूकपट

मी भूतबित मानत नाही. हे लिहायला बसलो तेव्हा मानत नव्हतो आणि लिहून झाल्यावरही मानणार नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चिंच होती, तिच्याखालून तिन्हीसांजेला कोणी जायचं नाही. मी तिच्या फांदीवर रोज माझा धुतलेला सदरा वाळत घालायचो. सदरा वाळायचा... बाकी काही झालं नाही.

पेपरातल्या या सदरात लोकांचे अनुभव येतात, सूनबाई मला वाचून दाखवते. बरेचसे मला पटत नाहीत. अंधारात बाई दिसली, पाय उलटे होते... अरे, अंधारात तुला पाय कसे दिसले? तरी माझ्याकडे एक गोष्ट आहे, तिचं मला आजवर काही जुळवता आलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली. शुद्धलेखन चुकलं असेल ते संपादकांनी सुधारावं. माझं म्हणणं मात्र सुधारू नये.

मी धुळ्याचा. उभी हयात जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसाच्या मशीनवर काम केलेला माणूस एकच गोष्ट मानतो... मशीन चालतं किंवा बंद पडतं. चालतं आहे पण पुढे जात नाही, असं मशीन नसतं. हे लक्षात ठेवा, कारण घोडं इथेच अडलं आहे.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. आमच्या हिला, म्हणजे द्वारकाला, लकवा मारला. सकाळी चुलीपुढे बसलेली, हातातून उलथणं पडलं आणि ती एका अंगावर कलली. सरकारी दवाखान्यात ठेवलं. औषधपाण्याने पाय आला, हातही बराचसा आला. वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. आवाज तेवढा आला नाही.

आता ही बाई कशी होती ते सांगायला पाहिजे. द्वारका बोलायची म्हणजे किती बोलायची! पिठाच्या गिरणीवर गेली की गिरणीवाला मशीन बंद करायचा, ऐकू यावं म्हणून. माझ्याशी भांडायची, म्हशीशी भांडायची, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याशीसुद्धा भांडायची. मी वैतागून म्हणायचो, "जरा चूप बस वं!" आणि आता ती चूप होती. सगळं कळायचं तिला. डोळे बोलायचे. पण घशातून हूं नाही की चूं नाही.

डॉक्टर म्हणाले, "जीभ चांगली आहे, घसा चांगला आहे. डोक्यात कुठेतरी वाट बंद झाली आहे. बोलायला लावा. एकदा आवाज फुटला तर फुटेल."

"आणि नाही फुटला तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मी समजलो.

बोलायला लावलं नाही असं नाही. मी समोर बसायचो, "म्हण... पाणी." ती बघायची. "म्हण... शोभा," सुनेचं नाव. ती बघायची. मग मान फिरवून भिंतीकडे तोंड करायची. पुढे पुढे तिने प्रयत्नही सोडला. भाकरीचा तुकडा पुढे केला तरी तोंड उघडेना. अंग उतरत चाललं. मला कळत होतं... मुकेपणाने ती मरणार नव्हती, मुकेपणाला कंटाळून मरणार होती.

आमची सून शोभा, साक्री तालुक्यातली. पोरगी चांगली, पण माहेरचं वारं डोक्यात. एक दिवस म्हणाली, "आबा, आमना तिकडे एक भगत शे. एक डाव मायले दखाडी देखू ना."

"भगत काय नवी जीभ बसाडी देई तिले?"

"तुम्ही नका मानू. पण माय तुमनी एकल्यानी शे का?"

मला राग आला. म्हटलं, माझ्या घरातून कोणी भगताकडे जाणार नाही. आणि गेलं नाही. मी हट्टी आहे, सगळी गल्ली जाणते.

आमच्या शेजारी देवरे सर राहायचे, कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांनी कॉलेजच्या पोरांचं काहीतरी मंडळ काढलं होतं, जुने सिनेमे आणून दाखवायचे. एका सकाळी ते ओट्यावर आले.

"आबा, रविवारी दुपारी हॉलमध्ये मूकपट दाखवतो आहोत. विलायती आहे. फौजेतल्या एका शूर अधिकाऱ्याची प्रेमकहाणी, एका गाजलेल्या कादंबरीवरून केलेली. तुम्ही लहानपणी तंबूत असले सिनेमे पाहिले असतील ना? या की."

मी म्हटलं, "सर, मी कशाला? हिला विचारा. हिचा बाप मूकपट सांगायचा."

"सांगायचा म्हणजे?"

मग मी त्यांना सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. माझे सासरे अमळनेरकडचे. त्यांना सगळे नाना म्हणायचे. माझ्या लग्नाआधीच गेले, मी त्यांना कधी पाहिलं नाही. जत्रेत सिनेमाचा तंबू लागायचा, त्यात नाना पडद्याशेजारी वेताची काठी घेऊन उभे राहायचे. पडद्यावरची माणसं मुकी, अक्षरं इंग्रजी. ती वाचणार कोण? नानांना तर मराठीही धड वाचता येत नव्हतं. ते चित्र बघायचे आणि अहिराणीत मनानेच गोष्ट सांगायचे. गोऱ्या साहेबाचं नाव मोहनसिंग. मडमेचं नाव चंपावती. वाळवंट दिसलं की म्हणायचे, "ही आपली बोरी नदी, उन्हाळामा बठ्ठी कोरडी पडी जास." लोक मान डोलवायचे. कोणाला काही शंका नसे.

आता आमच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत आहे. ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. सांगणारा एक वाक्य बोलला की ऐकणाऱ्याने "हां" म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. समोर झोपलेल्याला कोण गोष्ट सांगतो? तंबूत एवढ्या लोकांतून हुंकारा कोण देणार, म्हणून नाना आपल्या लेकीला पुढे बसवायचे. तीच ही द्वारका, परकरातली. नाना वाक्य संपलं की काठी फळीवर आपटायचे... टक्. ही ओरडायची, "हां नाना, मंग?" तेव्हा मशीन हाताने फिरवायचं असे. मशीनवाला काठी ऐकून हात सैल सोडायचा, पोरीचा हुंकारा आला की पुन्हा जोरात फिरवायचा. म्हणजे तंबूतला सिनेमा खरोखरच हिच्या हुंकाऱ्यावर चालायचा. ही गोष्ट द्वारकाने मला लग्नापासून इतक्या वेळा ऐकवली होती की मीच तंबूत बसलो होतो असं वाटायचं.

देवरे सर खूश झाले. "मग त्यांना आणाच, आबा!"

मी आत बघितलं. द्वारका दाराआड उभी होती. तिने मान हलवली... हो.

रविवारी रिक्षाने गेलो. शोभाही बरोबर. हॉलला काळे पडदे लावले होते, बाहेर टळटळीत दुपार. कॉलेजची पोरं-पोरी होती, खिदळत होती. आम्हाला सरांनी पुढच्या रांगेत बसवलं. मागे टेबलावर विजेचं मशीन. मी सवयीने जाऊन बघून आलो. चांगलं होतं, मोटर नीट फिरत होती. मशीनवाला म्हणाला, "चाचा, हात मत लगाना." मी म्हटलं, "लगाता नहीं, देखता हूं."

सरांनी उभं राहून थोडक्यात गोष्ट सांगितली. एका अधिकाऱ्यावर दगाबाजीचा खोटा आळ येतो. अब्रू गेली म्हणून तो नाव बदलून दूर वाळवंटातल्या पलटणीत साधा शिपाई होतो. त्याची प्रेयसी केस कापून, बिगुलवाल्याचा वेष घेऊन त्याच्या मागे जाते. पुढे किल्ल्याला वेढा पडतो. "आणि आता बघा," सर म्हणाले, "आवाज अजिबात नाही. संगीतही नाही. संपूर्ण शांतता."

एक पोरगं मागून म्हणालं, "सर, मग झोपलो तर चालेल का?" सगळे हसले.

सिनेमा सुरू झाला.

मला काय कळायचं? घोडे, तलवारी, मडमेचे मोठे मोठे डोळे. पण चांगला होता. दोघं बागेत भेटतात, तो तिच्या हातमोज्याला ओठ लावतो... पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी द्वारकाकडे बघितलं. ती हसत होती. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा. माझ्या मनात आलं, चला, एवढ्यासाठी आलो तरी भरून पावलो.

मग वाळवंट आलं. आणि टक् असा आवाज झाला.

लाकडावर काठी आपटल्याचा. पडद्याखाली लाकडी स्टेज होतं, तिथून. मी म्हटलं, कोणी पोरगं खोड्या करतं आहे. थोड्या वेळाने पुन्हा... टक्. देवरे सर उठले, "कोण ठोकतंय? बंद करा ते!" पडद्याच्या उजेडात स्टेज स्वच्छ दिसत होतं. तिथे कोणी नव्हतं. पोरं खिदळली. "सर, मूकपटात आवाज आला!"

द्वारकाने माझं मनगट धरलं. ज्या हाताला लकवा होता, त्याच हाताने. इतकं घट्ट की मी दचकलो. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक टक् झालं की ओठ हलायचे. आवाज नाही.

गोष्ट पुढे चालली होती. किल्ल्याला वेढा. पाणी संपलं. अधिकारी जखमी होऊन तटावर पडला. मदतीची फौज टेकडीमागे आली आहे पण तिला किल्ल्यात कोणी जिवंत आहे हे ठाऊक नाही. म्हणून ती पोरगी, बिगुलवाल्याच्या वेषातली, बुरुजावर चढली. बिगुल ओठाला लावला.

टक्.

आणि सिनेमा थांबला.

आता नीट ऐका. अडकला नाही. अडकला असता तर चित्र गोठलं असतं, आणि दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळून पडद्यावर तपकिरी डाग पसरला असता. तसं काही झालं नाही. बुरुजावरचं निशाण फडफडत होतं. वाळू उडत होती. त्या पोरीचे कापलेले केस वाऱ्याने हलत होते. सगळं चालू होतं, फक्त पुढे काही होत नव्हतं. ती बिगुल ओठाला लावून उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. सरळ आमच्या रांगेकडे.

पोरं आधी हसली. मग कोणीतरी म्हणालं, "हे काय, किती वेळ?" मग हसणं विरलं. सरांनी मागे वळून विचारलं, "काय झालं रे?"

मशीनवाल्याचा आवाज आला, "मशीन चालू है, सर! रीळ घूम रहा है!" त्याचा आवाज बदलला होता.

मी मागे बघितलं. रीळ फिरत होतं, मी डोळ्यांनी बघितलं. मोटरचा आवाज एकसारखा येत होता. पुढे बघितलं. निशाण फडफडत होतं. बिगुल ओठाला.

टक्. टक्.

काय सांगू... त्या आवाजात राग नव्हता. घाई होती. घरातलं मोठं माणूस लेकराला म्हणतं ना, "अगं बोल ना, लोक वाट बघताहेत," तसा होता तो.

शोभा पलीकडून रडकुंडीला येऊन कुजबुजली, "आबा, चाला, बाहेर जाऊत." मी तिला हाताने बसवलं. का बसवलं, माहीत नाही. द्वारका पुढे झुकली होती. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तोंड उघडलं होतं, आणि आतून वारा येत होता, नुसता वारा. मला एवढंच कळत होतं की हिला म्हणायचं आहे. आत्ता नाही म्हणाली तर पुन्हा कधी म्हणणार नाही.

मी तिच्या कानाशी वाकलो. आजपर्यंत मी हिला चूप बस म्हणत आलो, त्या दिवशी म्हटलं, "दे वं हुंकारा. तुना नाना उभा शे."

मी म्हटलं हे. मी! मला स्वतःलाच पटत नव्हतं आणि तोंडातून निघून गेलं.

"हां..."

घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. पण आवाज.

"हां... ना... ना."

माझं मनगट तिने आणखी आवळलं.

"हां नाना... मंग?"

आणि पडद्यावरच्या पोरीचे गाल फुगले, तिने बिगुल फुंकला. टेकडीमागून घोडे उधळले. सगळा पडदा घोड्यांनी भरून गेला.

त्यानंतर शेवटपर्यंत द्वारका हुंकारा देत राहिली. टक् झालं की "हां". टक्, "हां नाना". पोरांपैकी एकही हसला नाही. अधिकारी जगला, आळ धुतला गेला, दोघं पुन्हा त्याच बागेत भेटली. दिवे लागले तेव्हा देवरे सर खुर्चीची पाठ धरून उभे होते. शोभा सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसत होती. आणि द्वारका माझ्याकडे बघून म्हणाली, तुटक तुटक, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं:

"तुमना... हात... काब्र... कापी ऱ्हायना?"

मी म्हटलं, "थंडी वाजी ऱ्हायनी." भर उन्हाळ्यात.

घरी येऊन शोभाने डाळ केली, आनंदात तिचं लक्ष कुठलं? द्वारकाने घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "फोडणी... जळनी." त्या दिवशी आम्ही तिघांनी ती जळकी डाळ पातेलं पुसून खाल्ली. शोभा म्हणाली, "माय, आते रोज जाळसू!"

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं होतं कधी कधी. लहानपणाची जुनी गोष्ट समोर आली, बंद पडलेली वाट उघडली. गाणं, प्रार्थना, सवयीचे शब्द असे अचानक येतात. मला हे पटलं. पटण्यासारखंच आहे. आवाज फुटला त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण सिनेमा का थांबला?

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. मशीनवाला अजून डबे बांधत होता. मी म्हटलं, तेच रीळ परत लाव. तो आधी तयार होईना. मग त्यालाही बघायचंच होतं. रिकाम्या हॉलमध्ये सर, तो आणि मी बसलो. ती पोरगी बुरुजावर चढली, बिगुल ओठाला लावला, फुंकला. झालं. चहाचा एक घोट घ्यावा तेवढ्यात संपलं. निशाण एकदाच फडकलं. आणि पोरगी आमच्याकडे बघतच नव्हती, ती टेकडीकडे बघत होती.

आम्ही फिल्म हाताने ओढून उजेडात बघितली. कुठे जोड नाही, कुठे चीर नाही. मशीन उघडून बघितलं, मी स्वतः. त्यात काही दोष नव्हता. दोष सापडला असता तर मी आनंदाने इथे लिहिला असता. स्टेजवर चढलो, फळ्या ठोकून बघितल्या. खाली पोकळ, उंदीर असेल म्हणावं... पण उंदीर काठी आपटत नाही.

देवरे सर म्हणाले, "आबा, सगळ्यांनाच क्षण लांबल्यासारखा वाटला असेल. मनाचे खेळ असतात."

मी म्हटलं, "सर, तुम्ही तिथेच होता. तुमच्या मनाने खेळ केला का?"

सर म्हणाले, "मी हे कॉलेजात कोणाला सांगणार नाही." माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी सांगितलं नाही. मशीनवाल्याला मी पेढे नेऊन दिले. तो म्हणाला, "चाचा, मैंने क्या किया? मेरे हाथ में तो कुछ था ही नहीं." म्हटलं, तरी घे.

शोभा म्हणते नाना आले होते. मी तिला म्हणतो, आले असते तर जावयाला ओळख नको का द्यायला? ती चिडते. द्वारकाला मी एकदाच विचारलं, "तुले दिसनं का काही?" ती म्हणाली, "दिसाले काय पाहिजे? आयकू उनं ना." आणि उठून गवार निवडायला लागली. पुढे त्यावर ती कधी बोलली नाही. बाकी सगळ्यावर बोलली... बोलणं पूर्वीसारखं भरभर नव्हतं, शब्दाला शब्द जोडत बोलायची, पण थांबायची नाही. नातवंडांना रागवायची. गिरणीवर जायची. मला माझ्या चुका सांगायची, त्यातल्या काही माझ्या नव्हत्याही. मी ऐकून घ्यायचो. एकदा शेजारीण म्हणाली, "आबा, तुम्ही आता उलट बोलत नाही!" मी म्हटलं, "मला ऐकायचं असतं."

गेल्या पावसाळ्यानंतर ती गेली. दुपारची, अंगणात खाटेवर, शेजारणीला कुरडयांची रीत सांगता सांगता. गहू किती भिजवायचा ते सांगून झालं होतं, चीक कसा शिजवायचा ते राहिलं. बोलत बोलत गेली. मला याहून जास्त काही नको होतं.

ही मधली वर्षं मला कोणी दिली ते मला माहीत नाही. देवाला हात जोडावे तर मी कधी जोडले नाहीत, आता जोडले तर त्यालाही संशय येईल. नानांना जोडावे तर मी मेलेल्या माणसाला मानत नाही. म्हणून इथे लिहिलं. ज्याचे आभार असतील त्याने ते इथून घ्यावेत.

आणि वाचकांपैकी कोणी शिकलेला असेल, त्याला यातलं गणित सुटलं असेल, तर त्याने ते स्वतःपाशी ठेवावं. मला कळवू नये.